मी, जेवणाच्या शॉटवरचा टाइमकोड

मी टाइमकोड. मला खरं तर फक्त मोजता येतं, बोलायची सवय नाही. पण जे सांगायचं आहे ते मोजून सांगता येत नाही, म्हणून आज तोंड उघडतोय.

तुम्ही मला बहुतेक पाहिलं नसेल. लग्नाची, बारशाची, निरोपसमारंभाची फिल्म तुमच्या हातात पडते, तोवर मला तिच्यातून काढून टाकलेलं असतं. मी म्हणजे काळ्या पट्टीवर धावणारे पांढरे आकडे. तास, मिनिटं, सेकंद, आणि शेवटी सेकंदाचेही बारीक तुकडे. कॅमेरा टिपतो त्या प्रत्येक चित्राला एक आकडा असतो. तो एरवी लपलेला असतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय निवडली की तो चित्रावर दिसायला लागतो. दिसायला लागणं हाच माझा जन्म.

सोलापुरात सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत सिद्धांतचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन स्क्रीन, एक कुरकुरणारा पंखा आणि लाइट गेली की ओरडणारा यूपीएस. तिथं मी राहतो. शूटिंग जोडून झालं की सिद्धांत त्याची एक कच्ची प्रत काढतो आणि तिच्यावर मला बसवतो. ती प्रत घरच्यांकडे जाते. ते ती टीव्हीवर लावून बघतात आणि सिद्धांतला फोन करतात, या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंतचं काढा म्हणतात. काढायचं ते काढून झालं की मलाही काढतात. मांडव घालणाऱ्यांची शिडी कुठल्याच फोटोत येत नाही, तसा मी. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

माणसं काय काय काढायला सांगतात ते ऐकून माझी करमणूक व्हायची. बहुतेक जण स्वतःलाच काढायला सांगतात. कुणाला आपली हनुवटी नको असते, कुणाला आपलं रडणं. एका काकांनी बुंदी दुसऱ्यांदा मागतानाचा आपला शॉट काढायला लावला होता. मला त्यात एक गोष्ट दिसली. मी जाड दिसते, मी हावरट दिसतो, हे म्हणायला माणसाला जड जातं. आकडा सांगायला काही लागत नाही. आकडा सांगितला की विषय संपतो.

हे लोकांच्या सोयीचं काम आहे असं मला वाटायचं. धम्मप्रियाच्या लग्नाची फिल्म येईपर्यंत तसंच वाटत होतं.

धम्मप्रिया ही बुधवार पेठेतल्या धोंडिराम आणि शालनची मुलगी. धोंडिराम चिंचोळी एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात होता, आता घरी असतो. शालन एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते. धम्मप्रिया वैरागला हायस्कूलमध्ये शिकवते, आणि तिथल्याच दिग्विजयशी तिचं जमलं. दिग्विजयचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे, घरची शेती आहे. मुलगी बौद्ध, मुलगा मराठ्यांचा. दोन्ही घरांनी होकार दिला, वैरागच्या घरानं जरा उशिरा. सकाळी नोंदणीचं लग्न झालं आणि दुपारी होटगी रोडच्या एका कार्यालयात जेवणं. सिद्धांत धम्मप्रियाच्याच वस्तीत वाढलेला, त्यामुळे शूटिंगचं काम त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता.

जेवण आचाऱ्याचं होतं, पण शेंगापोळ्या शालनच्या होत्या. आचारी नको म्हणत असताना तिनं हट्टानं तेवढं काम स्वतःकडे घेतलं. वस्तीतल्या बायकांना जमवून ती सगळ्या वऱ्हाडाला पुरतील इतक्या पोळ्या लाटत बसली होती. वैरागच्या लोकांनी नाव काढलं पाहिजे, असं ती म्हणायची.

पहिल्या कच्च्या प्रतीत सिद्धांतनं मला नेहमीसारखं खाली बसवलं. धोंडिरामला कमी दिसतं म्हणून आकडे मोठे केले. त्यांच्या घरात टीव्हीसमोर शेजारणी येऊन बसल्या, चहा झाला, आणि फिल्म लागली. जिथं कच्ची प्रत लागते तिथं मी असतोच.

जेवणाच्या भागात एक शॉट होता. पाहुण्या बायका खुर्च्यांवर ओळीनं बसल्या आहेत. शालन स्वतः एक ताट भरून आणते आणि दिग्विजयच्या आईच्या, मथुराबाईंच्या हातात देते. मग ती पुढं जाते, दुसऱ्यांना वाढते, आणि परत येऊन विचारते, झालं का जेवण. मथुराबाई म्हणतात, झालं की, पोटभर. शालन हसते. इतकी हसते की तिला पदर तोंडाशी धरावा लागतो.

हा शॉट शालननं शेजारणींना पुन्हा लावून दाखवला. विहीणबाई पोटभर म्हणाल्या, ते सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिचा सिद्धांतला फोन आला. फिल्म चांगली झाली आहे म्हणाली, फक्त एक कर. "ते आकडे वर घे की जरा. खाली ताटं दिसत नाहीत. माझ्या पोळ्या कुणी कशा खाल्ल्या ते बघायचंय मला."

सिद्धांत हसला. त्यानं मला उचललं, बारीक केलं आणि वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. नवी प्रत पाठवून दिली.

या वेळी घरात फक्त ती आणि धोंडिराम होते. मी वरच्या कोपऱ्यात धावत होतो आणि खालचा सगळा भाग मोकळा झाला होता. लोक पोळ्या मोडत होते, तूप मागत होते. शालन प्रत्येक ताटाकडं बोट दाखवून काहीतरी बोलत होती. मग तो शॉट आला.

मथुराबाईंनी ताट मांडीवर घेतलं. पोळीचा तुकडा मोडला. तो हातात धरून बसल्या. शालन पुढं गेली तसा त्यांनी तुकडा परत ताटात ठेवला, इकडंतिकडं बघितलं, आणि वाकून ताट खुर्चीखाली सरकवलं. रुमालानं बोटं पुसली. पायानं ताट अजून थोडं मागं ढकललं. मग शालन परत आली, झालं का म्हणाली, आणि त्या पोटभर म्हणाल्या.

पहिल्या प्रतीत हे सगळं माझ्या पट्टीखाली झाकलेलं होतं.

शालननं रिमोट घेऊन तो भाग परत लावला, आणि मग पुन्हा एकदा. ताटाचं दृश्य तिनं पाहून घेतलं, पण त्यानंतर स्वतःचं हसणं आलं की ती मान खाली घालायची. ते तिला बघवत नव्हतं. धोंडिराम उठून दारात जाऊन उभा राहिला. तिथूनच तो म्हणाला, "पोरीला कळता कामा नये."

मी कोपऱ्यात थांबलो होतो. तिनं चित्र थांबवलं की मलाही थांबावं लागतं. मथुराबाईंचा हात ताटावर, आणि वर मी. मला तिथून हलता येत नव्हतं.

शालननं फोन केला तेव्हा तिचा आवाज नेहमीचाच होता. तिनं एक आकडा सांगितला, मग दुसरा. एवढं काढ म्हणाली. सिद्धांतनं विचारलं, का मावशी, चांगला तर आहे शॉट. ती म्हणाली, लांबलाय जरा.

त्यानं काढून टाकलं. कशासाठी काढतोय ते बघितलंही नाही. रोजची कामं असतात.

पण आकडे वर घेतलेली ती प्रत, काढायच्या आधीची, वैरागलाही गेली होती. दिग्विजयची धाकटी बहीण ऋतुजा बार्शीला फार्मसी शिकते. सुट्टीत घरी आली होती. तिनं फिल्म मोबाइलवर बघितली, माडीवर एकटी बसून. त्या शॉटला आल्यावर तिनं स्क्रीन बोटांनी ताणून मोठी केली आणि झटक्यात मोबाइल उलटा करून अंथरुणावर ठेवला. मी उशीत तोंड खुपसल्यासारखा धावत राहिलो.

तिनं सिद्धांतला फोन केला आणि आकडे सांगितले. तेच दोन आकडे. सिद्धांत सहज म्हणाला, ते काढलंय की आधीच, शालनमावशींनी सांगितलं होतं.

मग तिनं विचारलं, "त्यांनी बघितलं?"

तेव्हा कुठं सिद्धांतनं मूळचं फुटेज उघडलं. मला चालू केलं, आणि त्या आकड्यापाशी आणून थांबवलं. त्यानं बघितलं. मग खुर्ची मागं सरकवून पंख्याकडं बघत बसला. त्याच्या तोंडून शिवी आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मला माझी पहिल्यांदा लाज वाटली. तुम्ही म्हणाल, तू आकडे दाखवणारा, तुझं यात काय. तेच सांगतोय. शालननं आकडा सांगितला. ऋतुजानं आकडा सांगितला. काय घडलं त्याला एक नाव आहे, जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं. ते नाव दोघींनी घेतलं नाही. ते घ्यावं लागू नये म्हणून दोघींनी माझा आधार घेतला. असल्या गोष्टीचं टोपणनाव झालो मी.

चार दिवसांनी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. ऋतुजा होती, आणि तिच्यामागं कठड्याला धरून चढणाऱ्या मथुराबाई. ऋतुजानं आईला सगळं सांगितलं होतं. वैरागहून एसटीनं आल्या होत्या. सिद्धांतनं खुर्ची पुढं केली. आल्यागेल्याला आधी पाणी विचारणारा पोरगा तो, पण त्या दिवशी त्यानं पाणी विचारलं नाही. नको म्हणतील, या भीतीनं असेल.

मथुराबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "मला बी दावा."

सिद्धांतनं ऋतुजाकडं बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं लावलं. मी वर आणि त्या खाली, आम्ही दोघंही त्या मोठ्या स्क्रीनवर आलो. ताट खुर्चीखाली गेलं. पोटभर हा शब्द स्पीकरमधून खोलीभर ऐकू आला. शालन हसली. सिद्धांतनं थांबवलं.

"हे आकडे माज्याच डोसक्यावर का?" मथुराबाईंनी विचारलं.

सिद्धांत म्हणाला, सगळ्यांवर असतात, कामासाठी असतात, नंतर काढून टाकतो.

"पोलीस धरून फोटू काढत्यात तशी दिसतीया मी."

मला त्या वेळी स्वतःला पुसून टाकता आलं असतं तर मी टाकलं असतं. एका क्लिकचं काम असतं, पण ते क्लिक माझ्या हातात नाही.

मथुराबाई म्हणाल्या, "म्होरं मी घास खाल्ला, असं करता येतं का वो तुमाला? कायतरी जोडून."

"मावशी, जे घडलंय ते मी मागंपुढं करू शकतो. घडलंच नाही ते कुठनं आणू?"

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ठाऊकच होतं. मग विचारलं, शालननं फोनवर काय म्हटलं माझ्याबद्दल. सिद्धांत म्हणाला, काही नाही, फक्त आकडे सांगितले, तुमचं नावसुद्धा घेतलं नाही.

"श्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. हातातला रुमाल त्यांनी चोळून चोळून त्याची वात केली होती. "खोटं कशाला बोलू. भूक लागली हुती. पोळीचा वास बी चांगला हुता. तोंडापातुर हात गेला न्हाय. का गेला न्हाय ते तुमाला बी ठाव हाय आन् मला बी."

ऋतुजा रडत होती. मथुराबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या आणि बुधवार पेठेत कसं जायचं ते विचारलं. सिद्धांतनं खाली जाऊन रिक्षा करून दिली.

पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही. शालनचा फोन आला तेव्हा सिद्धांतनं स्पीकर लावला होता, म्हणून मला ऐकायला मिळालं. पक्की फिल्म कधी देतोस, असं विचारायला तिनं फोन केला होता, आणि बोलता बोलता सांगायला लागली.

विहीणबाई दारात उभ्या राहिल्या, ऋतुजा रिक्षातच बसून राहिली. जेवायला आले म्हणाल्या. शालनचा स्वयंपाक झाला होता. भाकरी, डाळवांगं, शेंगाची चटणी.

"मी वाढलं नाही रे," शालन म्हणाली. "एकदा वाढून बघितलं होतं की. म्हटलं, आत चूल आहे, भांडी तिथंच आहेत, घ्या हातानं. गेल्या आत. लई वेळ झाला. मला वाटलं, मागच्या दारानं निघून गेल्या. मग आल्या ताट घेऊन. माझ्यासमोर बसून खाल्लं. ताट धुवून पालथं घातलं."

सिद्धांत म्हणाला, बरं झालं मावशी.

"काय बरं झालं? त्या खात होत्या आणि ठसका मला लागत होता. बरंबिरं काही वाटलं नाही मला. तुला सांगून ठेवते. आमच्या घरात येऊन जेवल्या म्हणून मी आनंदानं नाचायचं का? माणूस माणसाच्या घरी जेवतोच की."

मग तिनं विषय बदलला. पक्की फिल्म धम्मप्रियाच येऊन नेईल म्हणाली. आणि पुन्हा बजावलं, यातलं तिच्या कानावर जाऊ देऊ नको.

रविवारी धम्मप्रिया आली. शाळेतून मुलांच्या वह्या आणलेल्या, त्यांची पिशवी खांद्याला होती. सिद्धांतनं पक्की फिल्म तिला तिथंच लावून दाखवली. त्यात मी नव्हतो, पण बाजूच्या स्क्रीनवर मूळचं काम उघडं होतं आणि तिथून मला सगळं दिसत होतं. जेवणाचा भाग आला. पाहुणे हसत होते, लगेच पुढच्या शॉटमध्ये धोंडिराम कुणाला तरी पाण्याची बाटली देत होता. जोड कुठं आहे ते कुणाला कळलं नसतं.

तिला कळलं. "आई इथं सासूबाईंना विचारते, जेवण झालं का. ते कुठंय?"

सिद्धांत म्हणाला, लांबलं होतं, काढलं.

ती म्हणाली, "दादा, मी स्टेजवरच उभी होते. समोर दिसत होतं सगळं. ताट खाली जाताना बघितलं मी. आई हसली ते पण बघितलं. फोटोग्राफर म्हणत होता, मॅडम, इकडं बघा, स्माइल."

सिद्धांतनं विचारलं, का बोलली नाहीस.

"बोलले असते तर बाबांनी मला तिथनंच घरी नेलं असतं. आणि मला दिग्विजयबरोबर राहायचं होतं." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "त्यांनी माझ्यापासून लपवलं, मी त्यांच्यापासून. आता मला माहीत आहे हे तू त्या दोघांपासून लपव."

मग ती हळूहळू सांगायला लागली. वैरागच्या घरात तिच्यासाठी वेगळा तांब्या आहे. कुणी तो वेगळा आहे असं म्हणत नाही. फक्त तो माठाजवळ नसतो, खिडकीत असतो. दिग्विजय भांडतो, दोनदा त्यानं तो तांब्या अंगणात फेकला. सकाळी तो घासून परत खिडकीत. मथुराबाई सोलापूरला जाऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं तो उचलून माठाजवळ ठेवला. संध्याकाळी शेजारीण आली, तेव्हा पुन्हा खिडकीत नेला. ती गेल्यावर परत माठाजवळ.

"दिवसभर तो तांब्या घेऊन फिरत असतात," धम्मप्रिया म्हणाली. "आधी त्यांना माझी लाज वाटायची. आता त्यांना लाज वाटते हे नक्की, पण कुणाची ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाही. मला राग येतो आणि कीव पण येते. रोज दोन्ही."

मी ऐकत होतो. माझ्यावर किती माणसांनी किती आकडे मोजले असतील, पण त्या घरातलं खिडकीपासून माठापर्यंतचं अंतर मला मोजता आलं नसतं.

सिद्धांतनं पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला. मग जरा चाचरत म्हणाला की मूळचं फुटेज तो काही दिवसांनी पुसतो, जागा लागते, सगळ्यांचंच पुसतो. हेही पुसून टाकू का.

धम्मप्रियानं बाजूच्या स्क्रीनकडं बघितलं. तिथं मी होतो, त्या शॉटवर थांबलेला. तिनं शॉट चालू कर म्हटलं नाही.

"आत्ता नको. कुणाला दाखवायला नाही ठेवायचं. पण मला ते अजून आठवतं, आणि मला आठवत असताना ते कुठंच नाही असं झालं तर वेड्यासारखं वाटेल. राहू दे. ज्या दिवशी मला ते आठवायचंच राहील ना, त्या दिवशी मी फोन करीन. मग पूस."

ती जिना उतरून गेली. सिद्धांतनं ते काम एका काळ्या हार्ड डिस्कवर घातलं आणि डिस्क कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

तिथंच आहे मी आता. खाली नव्या लग्नांची कामं चालू असतात. त्यांच्यावर माझेच भाऊबंद बसतात, निघून जातात, लोक फिल्म घेऊन हसत जिना उतरतात. मी मात्र एका बाईच्या वाकलेल्या हातावर आणि दुसऱ्या बाईच्या हसण्यावर थांबून आहे. दोघींकडं बघायची मला हिंमत होत नाही आणि नजर वळवायला मला डोळे वेगळे नाहीत. काम झालं की निघून जायचं, एवढंच मला शिकवलं होतं. इथं काम झालेलं नाही.

एक मागणं आहे. तुमच्या घरी कधी कच्ची प्रत आली आणि काही काढायला सांगावंसं वाटलं, तर आधी ते काय आहे त्याचं नाव मोठ्यानं उच्चारून बघा. तोंडातून आलं, तर मग आकडा सांगा. नुसत्या आकड्यामागं दडू नका. मला ते पेलत नाही.

आणि वैरागहून फोन यावा, एवढीच आता आशा आहे. अजून आला नाही. सिद्धांतचा फोन वाजला की वरच्या फळीवर मी कान देऊन असतो. ज्या दिवशी धम्मप्रिया म्हणेल, दादा, मला आता आठवत नाही, त्या दिवशी मला पुसून टाका. मी हूं की चूं करणार नाही.